मीठ आधी, पळी नंतर

विन्या, तुला जाऊन तीन दिवस झाले नाहीत तोच मी तुझ्याबद्दल पहिली थाप मारली. राख सावडून झाली होती. मंडळी रिठदच्या स्मशानाबाहेर बाभळीच्या सावलीत टेकली होती. तुझ्या आजोळकडचे एक पाहुणे माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "शेठ, तुमी त्याचे दोस्त. पोरगा दिवसभर त्या कम्प्युटरपुढं बसून राह्यचा. करत काय होता तो?"

अशा वेळी माणसानं दोन शब्द नीट बोलावेत. पण मी मी आहे. म्हणालो, "काका, जगातले सगळे फोन बंद पडणार होते. यानं एकट्यानं धरून ठेवले होते."

पाहुण्यांनी खिशातून फोन काढला. चालू होता. त्यांनी तो परत खिशात ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मंग आता?"

तू असतास तर माझं पहिलंच वाक्य फाडून हातात दिलं असतंस. सगळे म्हणजे कोणते? बंद म्हणजे कसे बंद? आणि मग तुझा तो कायमचा प्रश्न, ज्यानं माझ्या आयुष्यातल्या उत्तमोत्तम थापा ऐन तारुण्यात मारल्या: "शेठ, चालवून पाह्यलं का?"

वाशीमला कॉलेजात कम्प्युटरच्या वर्गात आपण एका बाकावर आलो तेव्हा मी रिसोडच्या किराणा दुकानाचा वारस होतो, आणि मी सांगितलेलं सगळ्या वर्गाला आवडायचं. एकदा मी सांगितलं की आमच्या दुकानातला काटा इतका नाजूक आहे की पारड्यावर माशी बसली तर साखरेचं वजन वाढतं. सगळे हसले. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी काड्यापेटीत जिवंत माशी घेऊन तू दुकानात हजर. माझे बापू गल्ल्यावरून बघतायत आणि तू पारड्यावर काड्यापेटी उघडतोयस. माशी उडून गुळावर बसली. तू म्हणालास, "चाचणी अपुरी राह्यली. उद्या दुसरी आणतो." बापूंनी त्या दिवसापासून तुला घरातला मानलं. मला अजून मानलेलं नाही.

पुण्यात काही वर्षं काढून तू रिठदला परत आलास. वांग्याचे क्रेट ठेवायच्या खोलीत टेबल टाकलंस आणि तिथून कर्नेल दुरुस्त करायला लागलास. लोक मला विचारायचे, कर्नेल म्हणजे काय? मी सांगायचो की फोनाच्या पोटात एक तहसीलदार असतो, त्याच्या सहीशिवाय पानही हलत नाही. तू सांगायचास की सगळ्या प्रोग्रॅमच्या खाली एक प्रोग्रॅम असतो, तो मेमरी, बॅटरी, पडदा सगळ्यांना वाटून देतो. तुझं बरोबर होतं. लोकांना माझं आवडायचं.

आणि तू जिच्या मागे लागायचास ती डेटा रेस? ती तर तू मला तुमच्या स्वयंपाकघरात शिकवलीस.

तुमचं घर माळव्याचं, भाजीपाला पिकवणारं. सकाळी भाजी तोडून रिसोडच्या हर्रासात, म्हणजे लिलावात न्यायची, दुपारी पाणी द्यायचं, संध्याकाळी जुड्या बांधायच्या. घरात कोणी एका जागी ठरत नाही. वरण गॅसवर चढलेलं असायचं आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई त्यात मीठ घालून जायची. तुझ्या आईनं, म्हणजे काकूंनी घातलं, ते तुझ्या वहिनींना ठाऊक नाही. वहिनींनी गंजात, म्हणजे पातेल्यात डोकावलं, वाटलं राहिलंय, त्यांनी घातलं. मी शपथेवर सांगतो, तुमच्या घरचं वरण चाखून एक कावळा थेट पैनगंगेवर पाणी प्यायला गेला होता. तू म्हणालास, "कावळ्याचं सोड. हीच डेटा रेस. एकच जागा, दोघं जण, एकमेकांले न सांगता हात घालून राह्यले, आन् त्यातला एक जण तरी काही बदलून राह्यला. कधी नीट होते, कधी खारट होते. कधी काय होईन ते सांगता येत नाही, हाच रोग."

मग काकूंनी कायदा केला. ज्यानं मीठ घातलं त्यानं पळी गंजाच्या झाकणावर उपडी ठेवायची. पळी सुलटी म्हणजे मीठ बाकी, पळी उपडी म्हणजे वरण तयार. जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांतले लोक ज्यासाठी डोकी फोडतात ते काकूंनी एका पळीत बसवलं, असं मी रिसोडभर सांगत फिरलो. तू मात्र मान तिरकी करून म्हणालास, "अजून एक भोक हाये याच्यात."

ते भोक सापडलं माझ्याच जिभेला. मला लसूण-कांदा चालत नाही म्हणून काकू माझ्यासाठी वेगळ्या छोट्या गंजात साधं वरण ठेवायच्या. "शेठचं वरण" म्हणून ते घरात प्रसिद्ध होतं. एका दुपारी आलो, पळी उपडी दिसली, भातावर वाढून घेतलं, घास घेतला आणि ओरडलो. माझा आवाज वाशीमच्या रेल्वे स्टेशनवर ऐकू गेला आणि एक मालगाडी थांबली. वरण अळणी! वहिनी धावत आल्या.

"अवो भाऊ, म्या पळी आधी ठेवली, मीठ घ्याले वळली, तितक्यात फोन वाजला. गेली मी वांग्यात."

"वहिनी, पळी आधी काहून ठेवली?"

"पळी हातातच होती ना! डबा राह्यला तिकडं फळीवर. जे जवळ ते आधी."

तू ताटावरून उठलास. डोळ्यांत असं तेज, की जणू वहिनींनी दागिना दिलाय. "शेठ, प्रोसेसर असाच करते बे! आपण लिहितो मीठ आधी, पळी नंतर. ते पाह्यते की पळी जवळ हाये, उरकून टाकू. त्याच्या स्वतःच्या हिशोबानं काही बिघडत नाही. पण दुसरा कोर, त्याच्यातलाच दुसरा गडी, पळी पाहून जेवाले बसलेला असते. तो तू!"

मी तेव्हा अळणी भात चिवडत होतो. मला शिकवण्यापेक्षा मीठ दिलं असतंस तर मी जास्त ऋणी राहिलो असतो. पण खरं सांगतो, ती दुपार मी विसरलो नाही. शिकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. शिकताना एवढा आनंद होणारा माणूस एकच पाहिला.

आणि तुझी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दोघांचे हात एका जागी दिसले की कुलूप लावणाऱ्यांपैकी, म्हणजे एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला अडवून ठेवणाऱ्यांपैकी, तू नव्हतास. रेस शोधून दाखवणारा एक प्रोग्रॅम होता, मी त्याला यंत्र म्हणायचो; ते तुझ्या पडद्यावर दिवसभर कोकलायचं. इथं दोघं भिडले, तिथं दोघं भिडले. दुसऱ्या कोणी सगळीकडे कुलपं ठोकली असती आणि फोन बैलगाडीच्या चालीनं चालला असता. तू प्रत्येक ठिकाणी थांबायचास. "हे राहू दे, शेठ. नुसता मोजणीचा आकडा हाये, एखादा चुकला तरी कोणाचं काही जात नाही." पण मग त्याच्या वर चार ओळी लिहायचास, का राहू दिलं त्याच्या. मी म्हणायचो, कोण वाचणार? तू म्हणायचास, "जो माह्यानंतर येईन तो." तेव्हा ते वाक्य कानाला नुसतं धंद्याचं वाटलं होतं.

आता आपल्या भांडणाकडे येतो. तू येऊ दिलं नसतंस, पण आज अध्यक्ष मी आहे.

वहिनींचा फोन हर्रासात मधूनच बंद पडायचा. बॅटरी भरलेली, आणि फोन म्हणायचा शून्य, आणि डोळे मिटायचा. वहिनी तो माझ्यापुढं आपटून म्हणाल्या, "भाऊ, हा फोन हाये का लाजाळूचं झाड? हात लावला का मिटते!" मी छाती काढून निदान केलं: बॅटरी गेली. तू फोन घेऊन क्रेटच्या खोलीत गेलास आणि आठवडाभर बाहेर आलास तो फक्त जेवायला.

सापडलं ते असं. फोन दर वेळी झोपेतून जागा होताना एक कोर बॅटरीची माहिती नव्यानं भरतो आणि शेवटी "तयार" अशी खूण करतो. दुसरा कोर खूण बघून माहिती वाचतो. कधीमधी खूण आधी दिसायची, माहिती नंतर. वाचणाऱ्याला कोरी जागा मिळायची. कोरी म्हणजे शून्य. शून्य म्हणजे झोपा. पळी उपडी आणि वरण अळणी! मी नाचलोच. म्हणालो, "विन्या, वहिनीनं फोनातही तेच केलं!" वहिनी म्हणाल्या, "सगळं माह्याच नावावर घाला तुमी."

तू दोन ओळींचा इलाज केलास. एक मीठ घालणाऱ्यासाठी: मीठ पूर्ण पडल्याशिवाय पळीला हात लावायचा नाही. एक जेवणाऱ्यासाठी: आधी पळी बघ, मगच वाढून घे. मी म्हणालो, एवढं कशाला? त्या खुणेवर नुसती चिठ्ठी चिकटव की इथं दोघं येतात, आम्हाला ठाऊक आहे. यंत्र कोकलायचं थांबतं. तुझ्याकडून शिकून माझ्या लॅपटॉपवर मी तसं केलं होतं, एकदाही चुकलं नव्हतं.

"तुह्या लॅपटॉपचा प्रोसेसर शिस्तीचा हाये, शेठ. फोनातला नाही."

"लाखात एकदा होत असेल बे!"

"फोन किती लाख हायेत?"

रिसोडच्या बस स्टँडवर आपण एवढ्या जोरानं भांडलो की वाशीमची बस आपल्याला बघायला उशिरानं सुटली. (हे खरं आहे. कंडक्टरला विचार.) मी म्हणालो, यंत्र गप्प झालं की झालं. तू म्हणालास, "यंत्र गप्प करणं म्हणजे पोराचं तोंड दाबणं. त्याचं पोट दुखून राह्यलं ते तसंच." मग बसच्या पायरीवर चढता चढता वळून म्हणालास, "रविवारी ये. फोनातल्यासारखा प्रोसेसर असलेल्या बोर्डावर तुहा इलाज चालवून दाखवतो. अळणी निघालं तर तोंडानं कबूल करजो."

तो रविवार तू येऊ दिला नाहीस, त्याआधीच गेलास. भांडणाच्या मध्येच उठून जायची तुझी ही पहिलीच वेळ. मी अजून स्टँडवर तोंड उघडं ठेवून उभा आहे.

तुझे दिवस चालू असताना मी ती सामाईक मेल उघडली, जिथं जगभरचे कर्नेलवाले आपापला पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या ओळी, टाकतात आणि बाकीचे त्याची सालं काढतात. तिथला रिवाज तूच सांगितलेला. प्रश्न विचारला की पॅच टाकणाऱ्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर पॅच पडून राहतो, त्यावर नव्या पॅचचा ढीग चढतो, आणि मग तो जणू नव्हताच. तू तिथं पाठवून ठेवलेल्या दोन ओळींखाली दूरदेशीच्या एका तपासणाऱ्याचा प्रश्न पडला होता, तू गेलास त्याच दिवशीचा. सभ्य भाषेत त्यानं विचारलं होतं: हे प्रत्यक्षात चुकताना कोणी पाहिलं आहे का? नसेल तर नुसती चिठ्ठी पुरेल, ती मी घेतो.

विन्या, तो माझ्या बाजूचा निघाला! मी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलो असतो तर आयुष्यातला पहिला वाद तुझ्याशी जिंकलो असतो.

आधी मी माझ्या पद्धतीनं उत्तर लिहिलं. लिहिलं की महोदय, भारतात हाहाकार उडाला आहे, बाजार ठप्प आहेत, बाया रडतायत. वाचून बघितलं. मला झकास वाटलं. पण प्रत्येक वाक्यानंतर तुझा आवाज यायला लागला. हाहाकार कुठं? कोणता बाजार? चालवून पाह्यलं का? शेवटी सगळं खोडलं, मोटरसायकल काढली आणि रिठदला आलो.

तुझं टेबल तसंच होतं. वांग्याचे क्रेट, त्यांचा तो हिरवट वास, आणि तो पत्त्यांच्या कॅटाएवढा बोर्ड. मी माझा इलाज त्यावर चढवला. एक कोर भरतोय, दुसरा वाचतोय, हजारदा, पुन्हा पुन्हा. सकाळ गेली. काही नाही. माझाच इलाज जिंकत होता आणि मी बोर्डाला शिव्या देत होतो की चूक रे, चूक एकदा.

दुपारी काकूंनी हाक मारली. "जेवून घे बाप्पा. तुह्यं वरण केलं."

छोटा गंज होता. झाकणावर पळी उपडी होती. वाढून घेतलं, घास घेतला. अळणी.

काकू समोर बसल्या होत्या. पदरानं वारा घालत होत्या, स्वतःला की मला, त्यांनाच माहीत नसावं. म्हणाल्या, "मीठ बरोबर हाये ना?"

मालगाड्या थांबवणारा हा गळा, विन्या. "बरोबर हाये काकू," मी म्हणालो, आणि पुन्हा वाढून घेतलं. एवढी छोटी थाप मी त्याआधी कधी मारली नव्हती, आणि तिच्याबद्दल तू मला काही विचारणार नाहीस अशी माझी खात्री आहे.

हात धुऊन परत खोलीत आलो तर पडद्यावर एक लाल ओळ. खूण "तयार". आकडा शून्य. मी असा ओरडलो की घरावरची कबुतरं उडाली. काकू धावत दारात.

"काय झालं रे?"

"काकू, निघालं! अळणी निघालं! विन्या बरोबर होता!"

त्यांना कोर-बोर्ड काही कळत नाही, पण पळीचा कायदा त्यांचाच. लाल ओळीकडे बघत त्या म्हणाल्या, "मंग त्यानं सांगितलं तसं कर. आन् आता पुन्हा होत नाही ना ते पाह्य." म्हणजे बघ, ही सवय तू कोणाकडून घेतलीस ते त्या दिवशी कळलं. मी इतकी वर्षं उगीच तुला श्रेय देत होतो.

तुझ्या दोन ओळी चढवल्या. संध्याकाळपर्यंत चालवल्या, दुसऱ्या दिवशी दिवसभर चालवल्या. वहिनी जुड्या बांधता बांधता डोकावून विचारायच्या, "भाऊ, अजून गोड हाये ना वरण?" गोड होतं. एकही लाल ओळ नाही.

मग उत्तर लिहिलं. कोणत्या बोर्डावर, काय चालवलं, चिठ्ठी लावल्यावर काय दिसलं, तुझ्या ओळींनंतर काय दिसलं नाही. कावळा नाही, मालगाडी नाही. जिथं मला खात्री नव्हती तिथं खात्री नाही असं लिहिलं. असलं वाक्य मला तीनदा लिहावं लागलं, कारण बोटांना सवय नाही. शेवटी लिहिलं की हा पॅच लिहिणारा आता उत्तर देऊ शकत नाही, पुढचे प्रश्न मला विचारा. त्या तपासणाऱ्यानं आणखी एक प्रश्न विचारला, वाचणाऱ्याच्या, म्हणजे आपल्या जेवणाऱ्याच्या बाजूची ओळ का लागते असा. त्याचंही उत्तर तू पॅचच्या वर आधीच लिहून ठेवलं होतंस, चार ओळींत. मी फक्त तिकडे बोट दाखवलं. जो तुझ्यानंतर आला तो मी होतो, आणि मी वाचलं, गड्या.

पॅच घेतला त्यानं. जसाच्या तसा, तुझ्या नावानं.

तेरवीला ते तुझे पाहुणे पुन्हा भेटले. मीच त्यांना गाठलं. म्हणालो, "काका, तुम्ही विचारलं होतं ना, मंग आता? विन्यानं लिहिलेल्या दोन ओळी आता फोनात जाणार. सगळ्या नाही. ज्यात वहिनींच्या फोनासारखी चिप आहे आणि जे पुढं नवीन निघतील, त्यांच्यात. तुमच्या या फोनात नाही जाणार. वहिनींच्याही नाही, त्याच्यासाठी कंपनी आता काही पाठवत नाही. आणि त्या फोनांतही ते कधीतरीच चुकत होतं. पण आता त्या जागी चुकणार नाही."

पाहुणे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेठ, थापा तर तुमी जन्मभर मारल्या. पण इतकी बारीक थाप आजच ऐकली."

शेजारचे हसले. मीही हसलो. काय करणार? आयुष्यात एकदा मोजूनमापून खरं बोललो, आणि ज्याला ते पटलं असतं असा एकच माणूस होता, तो फोटोत हार घालून बसलेला.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या त्या रिवाजात पॅचखाली नावं लागतात. लिहिलं कोणी, तपासलं कोणी, चालवून बघितलं कोणी. किती वेळा मी तुझ्या मागे लागलो होतो की चालवून बघणाऱ्यांत एकदा माझं नाव टाक, रिसोडमध्ये मला मिरवायचंय. तू म्हणायचास, "चालवलं का तू? नाही ना? मंग खाली नाव कायचं?" चहा पाजला, वांगी उचलली, मुलगी बघायला तुझ्याबरोबर आलो, तरी तू हलला नाहीस. त्या एका गोष्टीत तू कोणाचाच नव्हतास.

आता जाऊन बघ. वर तुझं नाव आहे. त्याखाली, चालवून बघणारा म्हणून, माझं. कोणी वशिला लावला नाही.

आणि जिथं कुठं असशील तिथून मान तिरकी करून विचारू नकोस. चालवून पाह्यलं, बे.